हिर्डोशीची नव्वद पानं

रविवार, डिसेंबरचा पहिला. वेळ सकाळी साडेदहा. जागा भोर, भाभींचं शिवणाचं दुकान, शटर अर्धं खाली.

हजर: पालीचे अण्णा, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, आठवणी लिहितात, गळ्याभोवती मफलर, दोन गाड्या बदलून सगळ्यांच्या आधी. भाभी, दुकान त्यांचंच, कथा लिहितात. कामथडीचे सर, शाळेत शिकवतात, कविता करतात. मोटारसायकलवरून, नेहमीप्रमाणे वीस मिनिटं उशिरा. आणि मी. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, घर भोरला, नोकरी वेल्ह्याला. वही माझ्याकडे. मागच्या तीन बैठकींना गैरहजर.

या गैरहजेरीची नोंद माझ्या हातची नाही. वही मीच बरोबर घेऊन गेले होते, त्यामुळे सरांनी ती औषधाच्या रिकाम्या खोक्यावर मांडून ठेवली होती. तो पुठ्ठा मी कापून वहीत डकवला.

आमच्या या जमण्याला नाव नाही. नऊ वर्षांत ठेवायचं राहिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाभींचं दुकान बंद असतं, तेव्हा आम्ही चौघं तिथं बसतो. नियम एकच: आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही. पहिल्या वर्षी सर स्वतःच्या कविता स्वतः वाचायचे आणि वाचताना त्यांचा गळा असा काही दाटून यायचा, की कविता बरी की वाईट हे सांगायची सोयच राहायची नाही. तेव्हा भाभींनी हा नियम केला. पानं कापायच्या टेबलावर कात्रीखाली ठेवायची. दुसऱ्यानं उचलायची आणि वाचायची. लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं.

दुसरा म्हणजे बहुतेक वेळा अण्णाच. त्यांनी तीसएक वर्षं गाडीत उभं राहून माणसांना गावांची नावं सांगितली. वाचतातही तसंच. आवाज चढवत नाहीत, पाडत नाहीत, पुढचा थांबा सांगावा तसं पुढचं वाक्य सांगतात. त्या आवाजात खोटं वाक्य लगेच उघडं पडतं. त्यांच्याकडं तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच आहे, निवृत्तीनंतर जुन्या बाजारातून हौसेनं घेतलेला. वाचताना जिथं अडखळतील तिथं समासात एक भोक पाडतात आणि पुढं जातात. का अडखळले ते सांगत नाहीत. ते ज्याचं त्यानं शोधायचं. मी घरी आल्यावर पान खिडकीच्या काचेला लावते. उजेडाचे बारीक ठिपके कडेकडेनं दिसतात आणि त्या ओळी आपोआप नजरेत भरतात.

हे सगळं मला आवडत होतं आणि यातच माझं पुस्तक बुडत होतं.

बैठकीच्या आदल्या शनिवारची यादी अशी असायची. तिघांना फोन. सरांच्या कवितांच्या चार झेरॉक्स. अण्णांच्या आठवणींतली गावं पुढंमागं झालेली असतात, ती रस्त्याच्या क्रमानं लावणं. भाभी मापाच्या कागदांच्या पाठीवर लिहितात, ते कागद जुळवून कथा उतरवून काढणं. एकदा एका कथेत म्हातारा मरतो त्या जागी मी घाईत ‘बाही साडेआठ’ असंही उतरवलं. अण्णांनी ते तितक्याच गंभीरपणे वाचलं, एक भोक पाडलं आणि पुढं गेले. आम्ही दहा मिनिटं हसत होतो. भाभींनी ते वाक्य अजून काढलेलं नाही.

ही कामं मला कुणी दिलेली नव्हती. मीच अंगावर घेतली, कारण काम दिसलं की मला यादी सुचते. तिकडं माझी कादंबरी सहा वर्षं चौथ्या प्रकरणावर थांबलेली. धरणाच्या पलीकडं, माणसं उठून गेलेल्या एका वाडीत मागं राहिलेल्या दोन जावा. एकच घर, दोन चुली आणि अकरा वर्षांचा अबोला. एवढी गोष्ट. यादीत ती सगळ्यात खाली असायची आणि यादीतलं सगळ्यात खालचं काम आमच्या घरात कधी झालेलं नाही.

ऑगस्टच्या बैठकीत मी सांगून टाकलं, की पुस्तक पुरं होईपर्यंत येणार नाही.

भाभींनी हातातली टाचणी ओठांत धरली, मग काढली. “कुणी काही बोललं का तुम्हाला, ताई?”

“नाही हो. वेळ पाहिजे.”

“वेळ मागायला नऊ वर्षं लावलीत,” सर म्हणाले.

“तुमच्या झेरॉक्सच्या रांगेत उभी होते.”

“घ्या! म्हणजे माझ्यामुळंच.”

अण्णा खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, “जाऊ द्या बाईस्नी. गाडी डेपोत गेल्याबिगर धुऊन निगत न्हाई.” मग माझ्याकडं बघून, “पर येताना घिऊन या. शेवटापात्तुर म्या वाचनार. दुसऱ्या कुनाच्या हातात दिऊ नका, सांगून ठिवतो.”

मी हो म्हटलं. पिशवी उचलली, वहीही उचलली आणि निघाले.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर फुकट गेले. रविवारी घरी बसले तर घर दिसायचं. मग दिवाळीनंतर बारा दिवसांची रजा टाकली आणि हिर्डोशीला गेले. एका ओळखीच्या सेविकेच्या घरामागं एक खोली होती, भाताची पोती ठेवायची. पोती तिनं एका बाजूला सारली, खिडकीखाली लाकडी पेटी ठेवली, तेच माझं टेबल. मोबाईलला रेंज फक्त वर रस्त्यावर, एसटीच्या थांब्याशी. मी पहिल्याच दिवशी तो बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला. घरी सांगितलं होतं, काही लागलं तर सेविकेच्या नवऱ्याला निरोप द्या. बाकी कुणाला नंबर दिला नाही.

हिर्डोशीला सकाळ उशिरा होते. ऊन डोंगराच्या पाठीवरून चढून यायचं, तोवर सगळं पांढरं. खाली धरणाचं पाणी आहे हे दिसत नाही, तरी कळतं. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असलं की कळतं तसं. भात झोडून झालेलं, पेंढ्याचा गोडसर वास दिवसभर खोलीत. अंगणात नाचणीची कणसं वाळत घातलेली, त्यांच्यावर चिमण्या उतरायच्या आणि माझ्या खुर्चीच्या करकरीनं उडायच्या. मग मी हलेनाशी झाले. चिमण्यांनाही ते कळलं असावं.

पहिल्या दिवशी यादी केली: रोज सहा पानं, दुपारी तासभर चालणं, रात्री उजळणी. दुसऱ्या दिवशीही केली. चौथ्या दिवशी यादी करायची राहिली आणि ते संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. वेळ एसटीवरून कळायची. घाटाकडून येणारी गाडी वळणावर हॉर्न द्यायची, तो हॉर्न पाण्यावरून जायचा, पलीकडच्या डोंगराला लागून परत यायचा, आणि परत आलेला हॉर्न कुठल्याशा जुन्या, कधीच बंद झालेल्या गाडीचा वाटायचा. मी पेन थांबवून त्याची वाट बघायचे. मग पुन्हा लिहायचे.

दोघी जावा धुक्यातून यायच्या. थोरली पाण्याच्या वाटेनं, धाकटी गोठ्याच्या बाजूनं. एकमेकींच्या पावलांवर पाऊल पडणार नाही असं चालायच्या. मी त्यांच्या मागं मागं. कधी दुपारी पोत्यांना टेकून डोळा लागायचा आणि झोपेतही त्या चालत असायच्या. जाग आली की कुठली पानं लिहिली आणि कुठली नुसती बघितली हे तपासावं लागायचं. माझ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मी दुधाच्या पिशवीवरही तारीख लिहिणारी बाई.

सेविका जेवायला बोलवायची. भाकरी, नाचणीची नाहीतर तांदळाची, आणि काहीतरी कालवण. ती एकदा म्हणाली, “म्याडम, दिसभर लिवता व्हय?”

“हो.”

“दमता का मंग?”

“दमते की.”

“आमाला वाटलं बसूनच असता,” ती म्हणाली आणि मला अजून एक भाकरी वाढली.

बाराव्या दिवशी नव्वद पानं होती. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. त्यात अबोला सुटायचा होता. ते काही येईना. मी म्हटलं, भोरला जाऊन लिहू. तांदळाच्या डब्यातून मोबाईल काढला, फुंकर मारली आणि एसटीत बसले.

नव्वद पानांचं ते बाड मांडीवर होतं. घाटाचा रस्ता, वळणं, खिडकीतून मधेमधे चमकून जाणारं पाणी. त्या गाडीत मी जितकी सुखी होते तितकी पूर्वी कधी असेन असं वाटत नाही. सहा वर्षांचं काम बारा दिवसांत, आणि त्या बारा दिवसांत कुणाची एक झेरॉक्ससुद्धा काढली नव्हती.

भोरला उतरले तर आधी भाभींचं दुकान लागतं. भाभी बाहेर आल्या. हातात कुणाचातरी अर्धा उसवलेला ब्लाऊज.

“ताई, किती फोन केले तुम्हाला! सरांनी केले, मी केले. अण्णांनी तर त्या पालीच्या दुकानदाराच्या फोनवरून पण केला.”

“मोबाईल तांदळात होता.”

“तांदळात?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग सावकाश सांगितलं. अण्णांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. साधीच आहे, जिवाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण काढावी लागणार होती. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी, पुण्याला. त्यानंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, आणि पुढं आवाज येईल तो कसा येईल हे आत्ता सांगता येत नाही.

“मग ते काय म्हणाले?”

“काय म्हणणार? म्हणाले, बाईंचं पुस्तक आलं का?”

त्याच शनिवारी मी बाड घेऊन पालीला गेले. मागं राजगड, अंगणात गवताची गंजी, चार ट्रेकर वाट विचारून पुढं गेलेले. अण्णांनी मफलर सारखा केला, चष्मा लावला, पंच मांडीवर घेतला. आवाज खरंच बसला होता. कडेकडेनं फाटल्यासारखा, मधे अजून आपला तोच. मी म्हटलं, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय.

“ते बुधवारच्या फुडं. आत्ता म्हनलेत, कमी बोला. म्या बोलत न्हाई, वाचतोय.”

त्यांनी सगळी नव्वद पानं मोठ्यानं वाचली नाहीत. मधून मधून वाचली, बाकीची ओठांत. दोन तास गेले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, दोनदा चहा ठेवला. पहिल्या वीस पानांत मी मनातल्या मनात पंचाचे आवाज मोजत होते, एकही नव्हता. तीस पानं, चाळीस पानं, एकही भोक नाही. मला वाटलं, जमलं. मग त्यांनी बाड मिटलं आणि पंच बाजूला ठेवला.

“बाई, लई ग्वाड लिवलंय. पानी दिसतंय, धुकं दिसतंय. पर मला एक सांगा. ह्या दोगी मुक्या हायेत व्हय?”

“त्यांचा अबोला आहे ना, अण्णा.”

“एकमेकींशी हाय. बाकीच्यांशी? कुत्र्याला हाड म्हनत न्हाईत. कोंबडीला या या करीत न्हाईत. शेजारचा येऊन हाक मारीत न्हाई. नव्वद पानात कुनी तोंड उगडलं न्हाई. माजी गाडी अशी रिकामी कदी गेली न्हाई, बगा.”

काकू आतून म्हणाल्या, “अन् तुमी तेवढं बोलायचं थांबवा आता.”

“बगा, ही बोलली,” अण्णा म्हणाले. “हिला टाका पुस्तकात.”

मी पानं उलटून बघितली. खरंच होतं. नव्वद पानांत एकही माणूस बोललेला नव्हता. अवतरणचिन्ह कुठं नव्हतं. हिर्डोशीच्या त्या खोलीत मीच बारा दिवस कुणाशी धड बोलले नव्हते, आणि बायका माझ्यासारख्या झाल्या होत्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकही हजेरीपत्रक न तपासता पुढं पाठवलेलं नाही. हे कसं सुटलं, ते अजून कळत नाही.

पण मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर ती पानं मला तशीही आवडली. त्यांतली शांतता मी विकत आणलेली नव्हती. ती तिथंच होती आणि ती ऐकायला मला सगळ्यांपासून लांबच जावं लागलं असतं. ती पानं दुकानात बसून कधीच झाली नसती. आणि शेवटचं प्रकरण हिर्डोशीत बसून कधीच होणार नव्हतं. दोन्ही गोष्टी मी परतीच्या गाडीत एकाखाली एक लिहिल्या आणि त्यांच्यातली कुठली खोडायची ते मला ठरवता आलं नाही.

निघताना अण्णा फाटकापर्यंत आले होते. “मागचं मागनं दुरुस्त करा. बोलायला लावा त्यांस्नी सावकाश. पर शेवटचं परकरन मला ह्याच आवाजात वाचायचंय. बुधवारच्या आत द्या.”

म्हणून हा रविवार.

भाभींनी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. दुकानाच्या आतल्या बाजूला एक लहानशी जागा आहे, बायका कपडे घालून बघतात ती. एक आरसा, एक स्टूल, वर दांडीला फॉल लावून झालेल्या साड्या आणि मधे पडदा. आरसा त्यांनी भिंतीकडं फिरवला. स्टुलासमोर इस्त्रीचं टेबल लावलं.

“तुम्ही आत. आम्ही बाहेर. कुणी डोकवायचं नाही. चहा पडद्याखालून येईल.”

“आणि बैठक?”

“ही बैठकच आहे,” सर म्हणाले. “हजेरी लिहा आणि आत जा, मॅडम.”

मी हजेरी लिहिली. वर दिली आहे तीच. मग आत गेले.

पहिला तास काही नाही. साड्यांच्या मधून उजेड येत होता, त्याला साड्यांचे रंग लागत होते. माझ्या वहीवर निळा, मग वारा आला की पिवळा. भाभींनी मशीन सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी त्या मशीन चालवत नाहीत, पण आज म्हणाल्या, नुसतं बसलं की मला ऐकू येतं, तुम्ही लिहीत नाही ते. मशीन थांबत थांबत चालायचं. थांबलं की बाहेरच्यांचं बोलणं ऐकू यायचं, चाललं की ते पाण्याखाली जायचं. मी त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी होते. डोळे उघडे होते, तरी मला वाडी दिसत होती. दोन चुली. थोरली उंबऱ्यात बसलेली. यावेळी धुकं नव्हतं. ऊन होतं आणि कुठून तरी माणसांचे आवाज येत होते.

“सर, ही तुमची कविता आहे का किराण्याची यादी?”

“मुक्त छंद आहे तो, भाभी.”

“मग मुक्त करा की तिला. धरून कशाला ठेवलीय?”

अण्णा हसले. हसताना आवाज आला नाही, नुसती हवा. मग मशीन. मग पुन्हा थांबलं.

“भाबी, मीठ हाय का?” अण्णांचा तो फाटका आवाज. त्यांना दर दोन तासांनी गुळण्या करायच्या होत्या.

“दुकानात मीठ कुठलं, अण्णा? बटणं पाहिजेत तेवढी घ्या.”

“मंग ऱ्हाऊ द्या.”

“राहू द्या कसं? थांबा. घरून आणते.”

चपला वाजल्या, शटर थोडं वर गेलं, पुन्हा खाली आलं. आणि माझ्या वहीत थोरली म्हणाली:

“मीठ संपलंय.”

कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नसावं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, उंबऱ्यात बसून, तोंड अंगणाकडं करून. मी पेन उचलून थांबले. दुसऱ्या चुलीजवळ धाकटीनं भाकरी उलटली. मग म्हणाली, “हाय माज्याकडं.”

त्यानंतर मला लिहावं लागलं नाही, नुसतं त्यांच्या मागं धावावं लागलं. दोघी भांडायला लागल्या. पहिल्यांदा मिठावरून, मग मिठाच्या भरणीवरून, मग ती भरणी कुणाच्या लग्नात आली यावरून, मग त्या लग्नात कोण कुणाला काय बोललं होतं यावरून. अकरा वर्षांचं सगळं त्यांनी पाठ करून ठेवलेलं होतं. मी हसत होते. मधेच पडद्याखालून चहाचा पेला आला, त्याच्यामागं भाभींची बोटं दिसली, मेंदी अर्धी गेलेली, आणि बोटं परत गेली. चहा गार झाला.

तीन वाजता सर पडद्याबाहेरून म्हणाले, “मॅडम, अण्णांची गाडी साडेचारची आहे.”

सात पानं झाली होती. मी ती कात्रीखाली नेऊन ठेवली. अण्णांनी उचलली.

मी मोबाईल काढला. खरं तर मी ते आदल्या दिवशीच ठरवलं होतं: आवाज भरून ठेवायचा. त्यांनी हात आडवा केला.

“डबीत भरून ठिवता व्हय मला?”

“पुन्हा ऐकायला, अण्णा.”

“पुन्ना ऐकायचं तर पुन्ना यायचं. ठिवा ते.”

मी ठेवला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. खालच्या पट्टीत, अगदी सावकाश. उतारावर इंजिन बंद करून सोडलेल्या गाडीसारखं. आम्हाला पुढं झुकावं लागलं. थोरलीचं वाक्य त्यांनी असं काही म्हटलं, की मला वाटलं हे मी लिहिलेलंच नाही. त्यांच्या गावची कुठलीतरी म्हातारी बोलतेय. धाकटीच्या वाक्याला आवाज फाटला, पण धाकटीचाही तिथं फाटलाच असता. भाभींनी दोरा तोडायला उचललेली कात्री तशीच हातात राहिली. बाहेर भोरचा रविवार होता, टेम्पो, कुणाचा तरी स्पीकर, शाळेच्या मैदानावरची मुलं. ते सगळं शटरच्या पलीकडं फार लांबून येत होतं. पाच पानं, सहा पानं. अण्णा दोनदा थांबले, कोमट पाण्याचा घोट घेतला. पंच खिशातच होता.

सातव्या पानाच्या शेवटी थोरली उठते, धाकटीच्या चुलीपाशी जाते आणि म्हणते, “अगं, ऐक”. तिथं पान संपतं.

अण्णांनी ते पान उलटून पाठ बघितली. “फुडं?”

“पुढचं अजून नाही.”

“घाटात हुबी केली की गाडी!”

“अजून तीन पानं होतील. मी रात्री—”

“रातचं नगो. रातचं लिवलेलं तुमचं लई रडकं आसतंय, म्या वाचलंय.” मग त्यांनी घसा खाकरला, ते दुखलं असावं, कारण डोळे मिटले. “मंगळवारी चारला पोरगा गाडी घिऊन यायचाय पुन्याला न्यायला. तवर हाय म्या. तवर बोलतोय.”

भाभी म्हणाल्या, “ताई, सोमवारी पण या. मी दुकान दुपारी बंद ठेवते.”

“सोमवारी त्यांची वेल्ह्याला मीटिंग असते,” सर म्हणाले. त्यांना पाठ आहे.

अण्णांना एसटीत बसवलं. खिडकीतून त्यांनी बोलायचं टाळलं, नुसती तीन बोटं दाखवली. तीन पानं. मी मान हलवली.

आज सोमवार. मीटिंग सकाळी अकराला होती ती दोनला संपली. मी आता वेल्ह्याच्या कार्यालयात, खिडकीशी. बैठकीचं टिपण दुसऱ्या दिवशीच लिहायचं हा माझा नियम, म्हणून आधी हे लिहिलं. तोरणा ढगात आहे. मीटिंगमधून उठून आलेल्या तीन सेविका व्हरांड्यात पाणी पीत बोलतायत, पोषण आहारावरून सुरू झालं होतं, आता कुणाच्यातरी सुनेवर आलंय. मी त्यांना हळू बोला म्हणून सांगायला उठले होते. सांगितलं नाही. खिडकी जरा उघडली.

उद्या मंगळवार. अर्धा दिवस रजा मंजूर. भोरहून सकाळची गाडी, नसरापूरला बदलायची, पाली साडेअकरापर्यंत. झेरॉक्स नको, मूळ पानंच न्यायची. कोमट पाण्याचा थर्मास भाभी देणार आहेत.

थोरली चुलीपाशी उभी आहे. “अगं, ऐक” म्हणाली आहे. पुढं ती काय म्हणते, ती तीन पानं लिहायची आहेत.